चव्वेचाळीस श्वास

१२ जानेवारी
निवृत्त होऊन सात महिने झाले, तरी हाताला रजिस्टर भरायची सवय आहे. एकतीस वर्षं नर्सबाई म्हणून उपकेंद्रात काढली आणि रोज काही ना काही लिहिलं. समीक्षाने ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, लोकांचं पुष्कळ लिहिलंस. आता स्वतःचं लिही."

समीक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, धुळ्याला आली आहे. जावई प्रशील जळगावला आयटीआयमध्ये शिकवतो, रविवारी येऊन जातो. दिवस भरत आले. डोकं खाली आहे, बीपी ठीक आहे. मी स्वतः रोज बघते.

सातव्या महिन्यात जळगावच्या बाईडॉक्टरांनी तिला एक महागाचं इंजेक्शन सुचवलं होतं. म्हणे त्याने होणाऱ्या बाळाचं खोकल्यापासून रक्षण होतं. तिने फोन करून मला विचारलं. मी म्हटलं, सरकारी धनुर्वाताची दोन घेतलीस ना, पुरे झालं. या हाताने हजारो बायांना तेवढीच दिली, कुणाचं काही बिघडलं नाही. तिने नाही घेतलं. तिचा माझ्यावर फार भरवसा आहे.

मागच्या आठवड्यात पिंपळनेरच्या बाजूला भागाबाईकडे दोन दिवस राहून आले. ती माझ्या उपकेंद्राच्या गावातल्या अंगणवाडीची मदतनीस, वीस वर्षांची सोबत. तिथली थंडी बाधली वाटतं, घसा खवखवतो.

१६ जानेवारी
मुलगी झाली. सकाळी नऊ चाळीस, दोन किलो आठशे. लगेच रडली. पहिल्यांदा माझ्याच हातात दिली. नाक समीक्षाचं आहे, कपाळ यांचं. हे (आमचे देवचंदराव) एसटीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं इंजिनं उघडत होते, पण बाळाला घ्यायला हात पुढे करेनात. म्हणाले, "माझे हात खरखरीत आहेत."

मला खोकल्याची उबळ आली तेव्हा तिथली तरुण नर्स म्हणाली, "अक्का, मास्क लावा ना." मी म्हटलं, "बेटा, तू शाळेत होतीस तेव्हापासून मी बाळंतपणं करते." ती हसली आणि कामाला लागली. मी पदर तोंडाला लावला होता.

२२ जानेवारी
बाळाला तेल लावणं, अंघोळ, धुरी सगळं माझ्याकडे. समीक्षाला मी उठू देत नाही. अंघोळीनंतर छातीशी धरून बसते तेव्हा एकतीस वर्षांचा शीण उतरतो.

माझा खोकला काही जात नाही. एकदा सुरू झाला की थांबत नाही, आज जेवलेलं सगळं पडलं. मधल्या वेळात मात्र काहीच नाही. ताप नाही, बेडका नाही. हे म्हणाले, "मंदा, एकदा दाखव कोणाला तरी."

"कोरडा खोकला आहे. थंडी सरली की जाईल."

"दहा-बारा दिवस झाले."

"तुम्ही इंजिनाचं बघा," मी म्हटलं. दोघंही हसलो.

३१ जानेवारी
बाळाला शिंका येतात, नाक वाहतं. ताप नाही. दूध पिते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकले. अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही हे समीक्षाला पुन्हा बजावलं.

४ फेब्रुवारी
समीक्षा सांगत होती, "आई, खोकताना हिचा चेहरा एकदम लाल होतो. मग थकून झोपते." मी तासभर मांडीवर घेऊन बसले, एकदाही खोकली नाही. गुलाबी, छान. पहिलटकरणीला सगळंच मोठं वाटतं. मी स्वतः समीक्षाच्या वेळी शिंक आली तरी रडायची. ती गोष्ट तिला सांगितली. तिला हसू आलं नाही.

६ फेब्रुवारी
आज वाद झाला. लिहावं की नाही, असं वाटतं, पण खोटं कशाला लिहायचं?

समीक्षा बाळाला घेऊन धावत स्वयंपाकघरात आली. "आई, हिचा श्वास थांबला होता. मी मोजलं, पाच-सहा सेकंद."

मी बघितलं तर बाळ व्यवस्थित श्वास घेत होतं. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. चव्वेचाळीस. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठच्या वर गेले तर काळजी. छाती आत ओढली जात नव्हती. मी तिला म्हटलं, "नवजात बाळ मध्ये मध्ये श्वास धरतं. हे मी शंभर बायांना समजावलं आहे."

"हे तसं नव्हतं. खोकून खोकून थांबला. मी व्हिडिओ काढलाय, बघ."

माझे हात कणकेचे होते, चष्मा आत होता. "नंतर बघते," म्हटलं. आणि वर म्हटलं, "मोबाइल बघून बघून तुझं डोकं फिरलंय. दूध आटेल अशाने."

तिने मोबाइल खाली केला. मग म्हणाली, "आई, तू आकडा बघतेस. तिच्याकडे बघत नाहीस."

एकतीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. व्हिडिओ बघायचा राहिला.

८ फेब्रुवारी
समीक्षाचा हट्ट म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते मला मानतात, "या सिस्टर" म्हणून उठून खुर्ची देतात. समीक्षा सांगायला लागली, पण तिला भरून आलं. म्हणून मीच सांगितलं: "आठवडाभर सर्दी, ताप नाही, श्वास चव्वेचाळीस, छाती मोकळी, दूध पिते." त्यांनी स्टेथो लावला. बाळ शांत झोपलेलं. म्हणाले, "सिस्टर घरात असताना काय काळजी?" थेंब लिहून दिले.

रिक्षात समीक्षा म्हणाली, "मला बोलू द्यायचं होतंस."

"तुला रडू येत होतं ना गं."

"रडत रडत सांगितलं असतं."

घरी आल्यावर तिने बाळाला माझ्याकडे दिलं नाही. एवढा राग धरायचं कारण नाही.

१२ फेब्रुवारी
दोन दिवसांनी लिहिते आहे.

परवा, दहा तारखेला सकाळी अंघोळीनंतर मी बाळाला पुसत होते. खोकला सुरू झाला. एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला उसंतच नाही. चेहरा लाल झाला, मग जांभळा. डोळे वर गेले. आणि खोकला थांबला तसा श्वासही थांबला. ओठ शाईसारखे. माझ्या मांडीवर.

मी पालथं धरून पाठ चोळली, तळवे चोळले. काही नाही. तोंडावर तोंड ठेवून दोनदा फुंकलं. तेव्हा एक बारीक आवाज आला आणि ती रडली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्या दिवशी मी मोजलं नाही.

शेजारचे रतिलालभाऊ रिक्षा काढून तयारच होते, समीक्षाने कधी हाक मारली कळलं नाही. मुलांच्या दवाखान्यात पोचलो. डॉ. नूतन म्हणून मॅडम आहेत, समीक्षाहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बाळाला ऑक्सिजन लावला. बाळ पुन्हा गुलाबी, शांत. माझ्या तोंडात तेच वाक्य आलं, "मॅडम, छाती मोकळी आहे, श्वास..."

त्यांनी हात वर केला. "मावशी, एक मिनिट. आईला बोलू द्या."

समीक्षा बोलली. रडत रडत, पण सगळं. कधीपासून, दिवसातून किती वेळा, खोकल्यानंतर उलटी होते, मधल्या वेळात चांगली असते. मग तिने मोबाइल पुढे केला. सहा तारखेचा व्हिडिओ. मॅडमनी दोनदा बघितला. त्यांच्या मागे उभी राहून मीही बघितला. पहिल्यांदा.

मॅडम म्हणाल्या, "डांग्या खोकला वाटतो."

मी म्हटलं, "पण तो ओढल्यासारखा आवाज नाही. आम्हाला शिकवलं होतं, शेवटी हुप आवाज येतो."

"एवढ्या लहान बाळाला तो आवाज काढायची ताकद नसते, मावशी. ते श्वासच सोडून देतात. ताप नसतो, छाती मोकळी असते, म्हणून सगळे फसतात." मग विचारलं, "घरात कोणाला खोकला आहे? बरेच दिवसांचा?"

मी म्हटलं, "मला थोडा आहे. पण तो साधा, थंडीचा. महिना झाला, आता कमी आहे."

त्या लिहीत होत्या. पेन थांबलं. मग पुन्हा लिहायला लागल्या. समीक्षा माझ्याकडे बघत नव्हती.

१४ फेब्रुवारी
रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी बासष्ट हजार. साध्या सर्दीत एवढ्या वाढत नाहीत. नाकातला नमुना पुण्याला पाठवला. माझाही घेतला. घरातल्या सगळ्यांना पाच दिवसांची गोळी सुरू केली आहे आणि ती पुरी होईपर्यंत मला आत सोडणार नाहीत. मी बाहेर बाकावर बसते. नियम बरोबर आहे. मी असते तर हाच लावला असता.

बाकावर बसून एकच विचार येतो. दर महिन्याच्या अहवालात एक रकाना असायचा: डांग्या खोकला. एकतीस वर्षं मी तिथे शून्य लिहिलं. आपल्याकडे आता नाही, असंच वाटायचं. एकदाही, कुठल्याही बाईला, "तुझं पोर खोकताना मला दाखव," असं म्हटलं होतं का? आठवत नाही. लहान बाळं गेली, कधी थंडीने, कधी दूध चढून, कधी झोपेत. आया सांगायच्या आणि मी तसंच लिहायची.

मोठ्या माणसाला डांग्या खोकला होतो कुठे? तो पोरांचा आजार. माझा थंडीचाच असणार.

१८ फेब्रुवारी
आज मॅडमनी प्रशीलला आणि यांना आत बोलावून सांगितलं की पेशी वाढतच आहेत, हृदयावर ताण येतो आहे. उद्यापर्यंत कमी झालं नाही तर नाशिकला हलवावं लागेल. प्रशील बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "आई, तुम्ही जेवून घ्या." एवढंच. त्याच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

हे बाकावर बसून दोन्ही हातांकडे बघत होते. म्हणाले, "एकदाही घेतलं नाही मी तिला."

२० फेब्रुवारी
पेशी थोड्या कमी. नाशिकला हलवलं नाही.

पुण्याचा रिपोर्ट आला. बाळाचा डांग्या खोकला नक्की. माझ्या नमुन्यात जंतू नाही. हे म्हणाले, "बघ, तुझा नव्हता. उगाच मनाला लावून घेतेस." मला एवढं हलकं वाटलं की मी चहा मागवला आणि दोन बिस्किटंही खाल्ली.

२२ फेब्रुवारी
ते हलकं वाटणं टिकलं नाही. नर्स असण्याचा एवढाच काय तो उपयोग.

मी नूतन मॅडमना गाठलं आणि सरळ विचारलं. त्या टाळत होत्या. मग म्हणाल्या, "मावशी, महिना उलटल्यावर नमुन्यात सापडतच नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असतो. तुमचा खोकला सुरू झाला तेव्हा बाळ जन्मलेलंही नव्हतं."

"म्हणजे माझ्यामुळेच."

"लहानपणीच्या लसीचा असर मोठेपणी उतरतो. मोठ्यांना साधाच वाटतो. घराघरांत हेच होतं. मुद्दाम कोणी देत नाही."

"आणि समीक्षाने ते इंजेक्शन घेतलं असतं तर?"

"बहुतेक बाळाला इतका त्रास झाला नसता," म्हणाल्या. बाई खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

यांना अजून सांगितलं नाही. समीक्षाला कोणत्या तोंडाने सांगू?

२ मार्च
ऑक्सिजन काढला. खोकला आहे, पण आता ती स्वतः श्वास घेते. मला आत सोडतात, तरी मी बाळाला हात लावत नाही. समीक्षा म्हणते "घे ना," तेव्हा हात धुवायचे आहेत असं काहीतरी सांगते.

६ मार्च
आज सांगितलं. दुपारची वेळ होती. बाळ झोपलं होतं, खोलीत आम्ही दोघीच. मी म्हटलं, "समी, हिला हा माझ्याकडून लागला."

ती कपड्यांच्या घड्या करत होती. "माहीत आहे," म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"पहिल्याच दिवशी मॅडमनी. तू बाहेर गेली होतीस तेव्हा. मीच त्यांना म्हटलं, आईला आत्ता सांगू नका, ती कोसळेल."

चोवीस दिवस ती मुलीचा श्वास बघत होती आणि वर मला सांभाळत होती. मी म्हटलं, "ते इंजेक्शनही मीच..."

"घ्यायचं नाही, हे माझंही होतं. मला डॉक्टर काय म्हणतात ते कळत होतं." घडी पुरी करून ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "खोकला कुणाचाही लागला असता, आई. बाबांचा, प्रशीलचा. त्याचा मला राग नाही. पण चार दिवस मी तुला सांगत होते. घरात एकटी तूच होतीस जिला कळलं असतं. आणि तूच मला वेडी ठरवलंस. एक क्षण मलाही वाटलं की मी वेडी आहे. त्या डॉक्टरांकडे मी गप्प बसले ते तुझ्यामुळे. तेवढं मला विसरता येत नाही. मी प्रयत्न करते."

मी माफी मागितली. तिने मान हलवली. मग बाळ खोकायला लागलं आणि आम्ही दोघी उठलो. तिने बाळाला कुशीवर वळवलं. मी बाजूला उभी राहून फक्त बघितलं, पहिल्या खोकल्यापासून शेवटपर्यंत.

१२ मार्च
सुटी मिळाली. ती तिघं दवाखान्यातूनच थेट जळगावला गेली. बाळंतिणीला सव्वा महिना माहेरी ठेवायची रीत, ती तर दवाखान्यातच सरली. समीक्षा म्हणाली, "आई, आता तिकडे जाते." मी थांब म्हटलं नाही. गाडीत बसताना यांनी बाळाला पहिल्यांदा घेतलं, अर्धा मिनिट. मग काच वर गेली.

२३ मार्च
बारसं जळगावला घरच्या घरी झालं. भंतेजींनी नाव ठेवलं उत्पला. मॅडमनी गर्दी करू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे आम्हाला बोलावलं नाही. फोटो आले. बोलावलं नाही तेच बरोबर. देवचंदराव एकेक फोटो मोठा करून करून बघतात.

२९ मार्च
पिंपळनेरची बस धरून भागाबाईकडे गेले. तिला विचारायचं होतं, जानेवारीत मी राहिले तेव्हा तिची नातवंडं खोकत होती, त्यांचं काय झालं? तेव्हा माझ्या मांडीवर बसूनच खोकली होती पोरं. मी खडीसाखर दिली होती.

भागाबाई म्हणाली, "बरा शेतस आते. बठ्ठा गावना पोरेस्ले व्हता ताई. हाऊ शंभर दिनना खोकला. आम्हनी माय सांगे."

"सगळ्या गावच्या पोरांना? शंभर दिवसांचा खोकला? मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी इचारंच नही," ती म्हणाली. तिला टोचायचं नव्हतं. तिने चहा पुढे सरकवला.

गावात आता माझ्या जागी दिपमाला नावाची नवी नर्स आहे. तिला घेऊन घरोघर फिरले. सात मुलांचे डोस राहिलेले निघाले. सहा आठवड्यांच्या आतली, त्या लसीचं वय न झालेली दोन बाळं होती. दोघांच्या आयांना मी एकच विचारलं, खोकला आहे का, आणि असेल तर तो कसा दिसतो, ते तू सांग. एक बाई लाजली, मग चांगली पंधरा मिनिटं बोलली. तिचं बाळ ठीक होतं. मी शेवटपर्यंत ऐकलं. दिपमालाने या महिन्याच्या अहवालात डांग्या खोकल्यापुढे शून्य लिहिलं नाही. वरून विचारणा होईल म्हणून ती घाबरली होती. मी म्हटलं, "होऊ दे विचारणा."

परतीच्या बसमध्ये बरं वाटेल असं धरून चालले होते. तसं काही झालं नाही. ही गावं माझ्याकडे एकतीस वर्षं होती.

२२ एप्रिल
समीक्षाचा फोन क्वचित येतो. येतो तेव्हा यांच्याशी बोलते, मग "आईला दे," म्हणते. उत्पलाचा खोकला जवळजवळ गेला. वजन चार किलोच्या वर आहे. सहा आठवड्यांची लसही झाली.

आज अकरा वाजता फोन आला तो माझ्याच मोबाइलवर. मागे गाड्यांचे आवाज होते. म्हणाली, "हिला कालपासून पुन्हा सर्दी आहे. ताप नाही. दूध पिते."

श्वास मोज, असं तोंडात आलं होतं. मी ते गिळलं. विचारलं, "तुला कशी वाटते?"

ती म्हणाली, "मलूल वाटते. खेळत नाही रोजच्यासारखी."

"मग दाखव."

"रिक्षातच आहे. दवाखान्यात निघालेय. तुला कळवावं म्हणून केला." आणि ठेवला.

दुपारी प्रशीलचा निरोप आला, साधी सर्दी आहे, काळजीचं कारण नाही. पण त्याआधीचे दोन तास मी ओट्याशी उभी होते. हे आत आले. विचारलं, "समीचा फोन होता? काय म्हणाली?"

"पोरीला घेऊन दवाखान्यात चालली आहे."

"तुला विचारून?"

"नाही," मी म्हटलं. "मला सांगून."